करंजखारच्या उघाडीतला दगड

मिरजेहून निघतानाच मी कोणाशी तरी भांडणार हे ठरलेलं होतं. कोणाशी, एवढंच ठरायचं होतं. बस सुटायच्या आधी तो मान आईने घेतला.

"दगड आहे का बघ," ती दारातून म्हणाली. "त्याच्यावर तीन ओळी असतील. तिसरी नीट बघून ये."

तिसऱ्या ओळीत काय आहे, असं मी विचारलं, तर म्हणाली, आधी बघून तर ये. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईशी सकाळी सहाला दारात उभं राहून हुज्जत घालू नये हे मला कळतं, तरी मी घातली. रिक्षा वळेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. ती उभी असणार हे मला माहीत होतं.

माझं आजोळ पनवेलचं, आजी-आजोबा मी लहान असतानाच वारले, तिकडे आता कोणी नाही. एवढ्या तीन वाक्यांवर मी एकसष्ट वर्षं काढली होती. आईचा रंग आणि घारे डोळे पाहून मिरजेत सगळ्यांनी तिला कोकणस्थ ठरवून टाकलं होतं, आणि तिनेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या मधोमध आलेला डाग वाढत जाणार, आधी वाचणं जाणार, मग चेहरे जाणार, आणि हातात काही महिनेच आहेत. घरी आल्यावर तिने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि मला सांगितलं की तिचे आईवडील जर्मन शेतकरी होते. त्यांची नावं ओटो आणि मार्ता. त्यांच्या थडग्यावरचा दगड तिने कधीच पाहिलेला नाही आणि डोळे आहेत तोवर तो तिला पाहायचा आहे. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर जर्मनीचा नकाशा किती वेळा काढला असेन. ही बाई शेजारी बसून मला उत्तरपत्रिका तपासायला मदत करत होती आणि एका शब्दाने बोलली नाही.

मग रोज थोडं थोडं सांगत गेली. ओटो आणि मार्ताची त्यांच्या मुलखातली जमीन गेली, म्हणून महायुद्धाच्या आधी ती दोघं बोटीने मुंबईला आली. पनवेलजवळ एका शेटजींची बाग होती, तिथे ओटो देखरेखीला लागला. पुढे खाडीकाठच्या करंजखार गावात त्याने स्वतःची जमीन केली. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी दोघांना शत्रूची माणसं म्हणून छावणीत ठेवलं. आई छावणीतच चालायला शिकली. सुटका झाल्यावर ही माणसं आपल्या देशात गेली नाहीत, करंजखारला परत आली. उंच जागेवर कोबी आणि बीट, खाली खारजमिनीत भात.

माझे वडील पनवेलच्या शाळेत मास्तर होते. आईने त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा ओटोने विरोध केला. जावई मराठी आहे याला त्याची हरकत नव्हती. त्याला कुदळ धरता येत नाही आणि तो एकुलत्या एका मुलीला शेतावरून उचलून घाटावर नेणार, याला होती. बापलेक दोघंही हट्टी. आई निघून गेली ती गेलीच. मार्ता वारल्याची तार आली, तेव्हा आई करंजखारला गेली नाही. काही वर्षांनी ओटो गेला, तेव्हाही गेली नाही. मग तिने कागदावर जर्मनमध्ये तीन ओळी लिहिल्या आणि आजोबांचा कोबी घेणाऱ्या पनवेलच्या दुकानदाराला टपालाने पाठवल्या. त्याने दगड घडवून थडग्यावर बसवला. माझ्यातला तापटपणा कुठून आला, हे कोडं मला या वयात आयतं सुटलं. त्याचा आनंद अजिबात झाला नाही.

बसवाल्याने पनवेल म्हणून कळंबोलीच्या पुलाखाली उतरवलं. पनवेल हेच, असं तो म्हणाला. मी त्याला नकाशा समजावायला लागले, तोवर बस निघून गेली होती. समोरून न्हावा शेव्याचे कंटेनर एकामागून एक येत होते, संपतच नव्हते. रस्ता ओलांडायला पाव तास लागला आणि पलीकडे पोचल्यावर चपलेचा अंगठा तुटला. रिक्षावाल्याने आधी चपलेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि काही न विचारता आधी चांभाराकडे नेलं. पनवेलमध्ये माझ्याशी नीट वागलेला तो पहिला माणूस. तळ्याजवळच्या लॉजवर बॅग टाकून मी दुकान शोधायला बाहेर पडले.

दुकान सापडलं. दोरखंड, खिळे, पत्रे, ताडपत्र्या. कोबी घेणारे गृहस्थ कधीच गेले होते. त्यांचे चिरंजीव इक्बालभाई आता ऐंशीच्या घरात, गल्ल्याशेजारी खुर्चीत बसलेले. मी ओटोचं नाव घेतलं तसं त्यांनी नातसुनेला हाक मारून आतून सांदणं (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) आणि चहा मागवला, आणि मला खाल्ल्याशिवाय पुढे बोलू दिलं नाही.

दगडाचं काम त्यांच्या हातूनच झालं होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा त्यांना. मरहूम अब्बांनी तो कागद त्यांच्याकडे दिला, त्यांनी तो पाथरवटाकडे नेला. पाथरवटाला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. त्याने अक्षरं चित्रासारखी पाहून पाहून कोरली, आणि इक्बालभाई तीन दिवस शेजारी बसून एकेक रेघ जुळवून घेत होते, कारण चूक झाली तर परमुलखातल्या माणसाची बेअदबी होईल, असं अब्बांनी बजावलं होतं.

"पहिल्या ओळीत ओटोसाहेबांचं नाव, दुसरीत बाईंचं. ते अब्बांना कळत होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीत काय होतं ताई? एवढी वर्षं मी विचार करतोय. कोणाला विचारणार इथे?"

मलाही माहीत नाही, हे सांगताना मला इतकी लाज वाटली की आईचा पुन्हा नव्याने राग आला. निघताना ते म्हणाले की करंजखारकडे मातीचा भराव जोरात चालू आहे, सकाळीच जा, उशीर करू नका.

सकाळी रिक्षा रोडपाली मागे टाकून खाडीच्या अंगाला वळली. उजवीकडे वीस-वीस मजली इमारती, डावीकडे तिवरांची झाडी, आणि मधल्या रस्त्यावर मातीचे डंपर. पुढे पत्र्याचं उंच कुंपण लागलं. त्यावर हिरवळीत हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. कुंपणाच्या आत हिरवं पान नव्हतं. जिथवर नजर जाईल तिथवर लाल मुरूम, दोन पुरुष उंच. आईने सांगितलेली उंच जागा, विहीर, कोबीचे वाफे, यातलं काहीही ओळखू येईना. दोन थडगी कुठे असतील, याचा अंदाज कशावरून करायचा?

फाटकावर सुपरवायझर भेटला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. इथे थडगी नव्हतीच मॅडम, आमच्या सर्व्हेत नाहीत, असं म्हणाला. मी आवाज चढवला. भूगोलाच्या बाईंनी आवाज चढवला की मागच्या बाकापर्यंत पोचतो. तेव्हा तो म्हणाला की एक जुना, इंग्रजीसारखी अक्षरं कोरलेला दगड मात्र त्याने पाहिला आहे. गाववाल्यांनी तो बांधात घातलाय.

त्याने मला त्याच्या जीपमधून नेलं. भराव संपतो तिथे जुना मातीचा बांध सुरू होतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची थोडी खाचरं, अजून शाबूत. बांधाच्या मधोमध उघाडी होती. (उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही.) ओहोटी लागलेली होती. दाराच्या तळाशी, चिखलात आणि कालवांच्या कवचांत रुतलेला एक आडवा काळा दगड होता. त्याच्या कडेला तीन अक्षरं दिसत होती. मार्ताच्या नावातली पहिली तीन.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझ्या आजीचं नाव गटाराच्या तोंडाशी, चिखलात. बांधावर पंचाहत्तरीची एक बाई नऊवारीचा काष्टा घालून टोपलीतला चिखल हाताने थापत होती. मी तिथूनच तिच्यावर ओरडले. मेलेल्या माणसांचा दगड उचलून मोरीला लावताना लाजा वाटल्या नाहीत का, परक्यांचं होतं म्हणूनच हात लावला ना, स्वतःच्या आजीचा लावला असता का? आणखी बरंच बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बाईने हात थांबवले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिखल थापायला लागली. त्यामुळे मी आणखी भडकले.

सुपरवायझर शेजारी मान हलवत उभा होता. "मॅडम, मी समजू शकतो. इमोशनल मॅटर आहे," तो म्हणाला. "तुम्ही वारस म्हणून फक्त एक साधा अर्ज द्या. आपलं पोकलेन (खोदाईचं यंत्र) उभंच आहे. दहा मिनिटांत दगड काढून, धुऊन, पॅक करून तुम्हाला देतो. मिरजेपर्यंत पोचवायची जबाबदारी आमची."

मला अक्षरशः रडू आलं. आई डोळे आहेत तोवर दगड नुसता पाहणार नव्हती, हात लावून पाहणार होती. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. ओटो आणि मार्ता यांची मी नात असून सदर दगड आमच्या कुटुंबाचा आहे, तो उघाडीतून काढून मला मिळावा. सुवाच्य अक्षरात, खाली सही. त्याने कागदाचा फोटो काढून ऑफिसला पाठवला. जेवणानंतर काम करू म्हणाला आणि मला बांधावर सोडून गेला.

तो गेल्यावर ती चिखलवाली बाई उठली, हात धुतले आणि माझ्यापाशी आली. तिने विचारलं, "ओटोबाबाच्या हिल्डाची पोर काय गो तू?"

आईचं नाव हेमलता. हिल्डा हे नाव मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा आईने सांगितलं तेव्हा, आणि आता. मी हो म्हटलं.

"मंग आदी जेव. लई बोललीस. भूक लागली आसल."

तिचं नाव गोमाबाय. मला खरं तर जायचं नव्हतं, पण ती माझी पिशवी उचलून चालायला लागली होती. घरात तिचा मुलगा रामदास होता. बंदरात कामाला, त्या दिवशी सुट्टी. जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे लहान मासे) कालवण. मी रागातच जेवायला बसले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई दर शनिवारी कशाला तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि अशाच पातळ कडांच्या कशा करायची, हे मला तिथे कळलं.

मी जेवत असताना गोमाबायने सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

"तवा मी नवी नवरी व्हते. तुजा ओटोबाबा जाऊन दोन-तीन वर्सं झालेली. मोटं उधान आलं आन उघाडीच्या बाजूला खांड गेली." (खांड म्हणजे भरतीने बांधाला पडलेलं भगदाड.) "आमच्यात खांड बांदाला घरटी एक मानूस जातं आन घरटी एक दगड. कोनी उंबरा काढला, कोनी पाटा दिला. सगले दगड मोजले तवा सासरा बोलला, जर्मनच्या घराचा दगड कुटं हाय? त्यांच्यात कोन रायलं नाय, लोक बोलले. सासरा बोलला, घर हाय तर दगड पायजे. मंग सासऱ्यानी नारल फोरला, दोगांना हात जोरले, आन त्यांचा दगड आनून सगल्यांच्या मदी ठेवला. आजवर हाललेला नाय."

परक्यांचं म्हणून उचललं, असं मी ओरडले होते. त्यांनी तर परकं नाही म्हणून उचललं होतं.

"आणि थडगी?" मी विचारलं.

तिने दारातून लाल भरावाकडे बोट केलं. दोघं तिथेच आहेत, त्या मुरमाखाली. डंपर आले तेव्हा गावाने सांगितलं होतं की इथे माणसं आहेत. कोणी ऐकलं नाही. दगड थडग्यावरच राहिला असता तर तोही आज दोन पुरुष खाली असता.

मग रामदासने मला जे समजावलं ते मला सकाळीच कळायला हवं होतं. नकाशा वाचायचा धंदा होता माझा. भरावाच्या पलीकडे सात घरांनी जमीन विकलेली नव्हती. ती सगळी जमीन त्या एका उघाडीच्या आडोशाने जगत होती. तळाचा दगड काढला की उघाडी बसणार, संध्याकाळची भरती थेट भातात येणार, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही.

"मग विकण्याशिवाय काय राहतं ताई?" रामदास म्हणाला. "गेलं वर्षभर ते उघाडीला हात लावायला बघतायत. गावाचा बांध, लावता येत नव्हता. आज त्यांना वारसाचा अर्ज मिळाला."

मी ताटावरून उठले. हात धुतला की नाही ते आठवत नाही. मला सुपरवायझरचा राग होता, त्या इस्त्रीच्या शर्टाचा, त्या "समजू शकतो" चा. पण खरा राग माझ्यावर होता. एका अनोळखी माणसाने गोड बोलून पुढे कागद सरकवला आणि मी, जन्मभर पोरांना नीट वाचून मग सही करा असं बजावणारी, आजीच्या नावाने त्याला कुदळ काढून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा पोकलेन बांधापर्यंत आलं होतं. सुपरवायझरने हसून स्वागत केलं. मी अर्ज परत मागितला. तो म्हणाला की आता प्रोसेस झाली आहे, वरून अप्रूव्हल आलंय. मी तिथेच, रामदासच्या पाठीवर कागद ठेवून दुसरा अर्ज लिहिला. ओटो आणि मार्ता यांची मी नात असून सदर दगड आमच्या कुटुंबाने गावाच्या बांधाला दिलेला आहे, तो कोणीही काढू नये. रामदासने त्या कागदाचा फोटो काढला.

"मॅडम, याला वारसाचा दाखला लागेल," सुपरवायझर म्हणाला.

"सकाळच्याला नाही लागला?" मी विचारलं. "सकाळी दहाला मी वारस होते. मग दुपारी एकला पण मीच आहे."

तो फोनवर बोलायला बाजूला गेला. तेवढ्यात गोमाबाय उघाडीच्या तोंडाशी जाऊन बसली होती, मांडी घालून, भाजी निवडायला बसावं तशी. मी तिच्या शेजारी बसले. मग एकेक करून बाकीच्या घरांतली माणसं आली. कोणी घोषणा दिल्या नाहीत. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी मला मिरजेला पाऊस कसा झाला ते विचारत होतं. दोन वाजता भरतीचं पाणी वर यायला लागलं आणि पोकलेन चालवणाऱ्याने आपणहून इंजिन बंद केलं. या चिखलात मशीन रुतेल साहेब, मी नाही घालणार, असं तो हिंदीत म्हणाला आणि उतरून डबा उघडला. सुपरवायझर पुन्हा पुन्हा ऑफिसला फोन लावत राहिला. शेवटी त्याने माझा पहिला अर्ज माझ्या हातात दिला. आम्ही पुन्हा येऊ, असं म्हणाला, तेही गोडच.

तो अर्ज मी फाडला नाही. पर्समध्ये आहे. मला कधी स्वतःच्या हुशारीबद्दल शंका उरली नाही तर काढून वाचेन.

दगड पुरता पाहायला दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागलं. रामदास कमरेएवढ्या चिखलात उतरला, विळ्याने कालवं खरवडली आणि पाणी मारलं. पहिली ओळ नीट होती. ओटोचं नाव आणि आडनाव, एकेक अक्षर सरळ. दुसरी ओळही होती. इक्बालभाईंचे ते तीन दिवस वाया गेले नव्हते. तिसरी ओळ दगडाच्या खालच्या अंगाला, नेमकी पाणी ये-जा करतं तिथे. मी गुडघ्यांवर बसले, बोटाने चाचपलं, रामदासने मोबाईलचा उजेड तिरका धरला. गुळगुळीत होतं. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, पन्नास वर्षांच्या वर. मी भरपूर फोटो काढले.

निघताना गोमाबायने वाळलेल्या जवळ्याची (बारीक कोळंबी) पुडी माझ्या पिशवीत घातली. "पुनवेच्या मागं मोटं उधान हाय," ती म्हणाली. "बांदाला माती घालाची हाय. घरटी एक मानूस. सात घरं आमची, आठवं तुमचं. तुमच्या घराचं कोन येल?"

मी म्हटलं, मिरज लांब आहे हो. ते वाक्य तोंडातून बाहेर पडताच मला स्वतःचा संताप आला. ती मात्र रागावली नाही, बरं म्हणाली. इक्बालभाईंच्या दुकानाबाहेर रिक्षा थांबवून मी त्यांना सांगितलं की तिसरी ओळ राहिलेली नाही, पण ती काय होती ते आईला विचारून नक्की कळवीन. परतीच्या बसमध्ये माझं कोणाशीही भांडण झालं नाही. सबंध घाट मी खिडकीबाहेर पाहत होते. प्रवासाला जाताना आपण कोणाकडून काय काय येणं आहे याची यादी घेऊन निघतो, आजोबांची जमीन, आजीचं थडगं, आईचं मौन. त्या बांधावर माझ्या घराच्या नावाने एक माणूस येणं बाकी होतं, आणि ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

मिरजेला पोचल्यावर फोटो मोठे छापून घेतले. आईने खिडकीशी बसून मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने एकेक पाहिला. नावं तिला दिसली. ओटोच्या नावावरून तिने बोट फिरवलं, कागदावरच. मी सगळं सांगितलं, माझ्या अर्जासकट. खांडीला घरटी एक दगड दिला, हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. ती आठ वर्षांची असताना खांड गेली होती, तेव्हा तिच्या वडिलांनी घराचं दार बिजागऱ्यांसकट उखडून खांद्यावर घालून बांधावर नेलं होतं. महिनाभर त्यांच्या घराला चादर टांगलेली होती. दगड नेला नसता तर बाबांना राग आला असता, असं म्हणाली.

मग तिने विचारलं, "आणि तिसरी?"

"झिजली," मी सांगितलं.

"सगळी?"

"सगळी."

मला वाटलं तिला बरं वाटेल. का वाटलं कोण जाणे. तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि तिचा चेहरा लाल झाला.

"मी ती पुसायला नव्हती लिहिली," ती म्हणाली. "दोन ओळी त्यांच्या होत्या. तिसरी माझी होती. त्यांची मुलगी आली नाही, असं लिहिलं होतं मी. कोणी वाचणार नाही म्हणून नाही लिहिलं. ते तिथे राहावं म्हणून लिहिलं."

एकसष्ट वर्षांचा माझा सगळा राग घेऊन मी तिच्यासमोर बसले होते आणि त्यातला एक शब्दही तिला लागू पडत नव्हता. ती स्वतःवर माझ्यापेक्षा किती तरी जास्त रागावलेली होती, आणि एकटीच.

मग मी तिला गोमाबायचा प्रश्न सांगितला, आणि मी काय उत्तर दिलं तेही. आईने हात पुढे केला. "फोन लाव त्यांना."

मी म्हटलं, आई, तुला समोरचं माणूस दिसत नाही, तू त्या चिखलात जाऊन काय करणार?

"टोपली पुढे द्यायला डोळे लागत नाहीत," ती म्हणाली. "लाव."

मी रामदासला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, ताठ बसली, आणि मी आयुष्यात कधी न ऐकलेल्या बोलीत मोठ्याने बोलायला लागली.

"मी ओटोची हिल्डा बोलतंय. गोमाबायला सांग, उधानाला आमच्या घराचं मानूस येतंय."